वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाचे सील दोनदा बदलले, तरी प्रेशर वर-खाली होतं. आता काय करावं?

सील आता तिसऱ्यांदा बदलू नका. पंप उघडण्याआधी पाणी येण्याची बाजू बघा, कारण असं वर-खाली होणारं प्रेशर बहुतेकदा तिथूनच सुरू होतं. फिल्टर गाळाने तुंबलेला असतो, किंवा सक्शन पाइपच्या (पंपात पाणी ओढून घेणाऱ्या पाइपच्या) क्लॅम्पमधून हवा ओढली जाते. अशा जागी पाणी गळत नाही, म्हणून नुसत्या नजरेला काही दिसत नाही. बायपासच्या, म्हणजे पंपातून टाकीत परत येणाऱ्या पाण्यात सतत बुडबुडे दिसले तर हवा शिरत असण्याची शक्यता मोठी.

मग बादली लावून गनमधून एका मिनिटात किती लिटर पाणी येतं ते मोजा आणि पंपाच्या प्लेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. पाणी पुरेसं असूनही प्रेशर कमी असेल तर नोझल झिजलंय. ते स्वस्त असतं, आधी तेच बदला. पाणीच कमी येत असेल तर पंपाचे व्हॉल्व्ह किंवा अनलोडर (गन बंद केल्यावर पाणी बायपासकडे वळवणारा व्हॉल्व्ह) तपासा. पंपाचं ऑइल दुधाळ झालं असेल तर मात्र सील खरंच गेलं असण्याची शक्यता जास्त.

आणि गन बंद ठेवून मोटर चालू सोडायची सवय मोडा. बायपास टाकीत न जाता पंपाच्या इनलेटलाच जोडलेला असेल तर तेच पाणी फिरून लवकर तापतं, नवीन सीलही त्याने जाऊ शकतात. तुमचे सील वारंवार जाण्यामागे मला हाच संशय जास्त वाटतो.