वाचकांचे प्रश्न : कुंपण नसलेल्या कॅम्पमधे सासूबाईंना न्यावं का?

प्रश्न : ताई, आम्ही सप्टेंबरमधे केनियाला मसाई मारात चाललोय, मी, हे आणि सासूबाई (वय ६८). एजंटने लक्झरी टेंटेड कॅम्प सुचवलाय, पण त्याला कुंपणच नाही म्हणे. सासूबाई घाबरल्यात. एवढे पैसे भरून तंबूत राहायचं का लॉज घेऊ?

उत्तर : तंबूच घ्या, अगदी मनापासून सांगते. आत नीट पलंग असतो, कमोड-बेसिन असलेली बाथरूम असते, खाली लाकडी फ्लोअर, फक्त भिंती जाड कापडाच्या आणि दाराला चेन. पहिल्या रात्री मलाही झोप नव्हती. दोनच्या सुमारास डोक्यामागच्या कापडापलीकडे कचाकच गवत ओढल्याचा आवाज यायला लागला, म्हैस चरते ना तसा पण जाडा, आणि मधेच एक मोठा सुस्कारा. सकाळी कळलं की पाणघोडा होता, नदीतून रात्री चरायला वर येतात ते. हातभर अंतरावर होता पण माझ्या तंबूशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. चेन पूर्ण लावून आत राहिलं की जनावर तंबूकडे मोठा दगड असल्यासारखंच बघतं, धोका असतो तो रात्री एकटं बाहेर पडण्यात. म्हणून अंधार पडला की जेवायला जाताना-येताना अस्कारी म्हणजे रखवालदार टॉर्च घेऊन सोबत येतो, त्याच्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. सासूबाईंसाठी डायनिंगच्या जवळचा आणि पायऱ्या नसलेला तंबू आत्ताच मागून घ्या, आणि रात्री मदत लागली तर काय करायचं, शिट्टी का वॉकीटॉकी, हे पोचल्या पोचल्या कॅम्पवाल्यांना सासूबाईंच्या हातात देऊन दाखवायला सांगा. त्याने निम्मी भीती जाते बघा.

काही कॅम्पमधे बकेट शॉवर असतो, म्हणजे वेळ सांगायची, मग माणूस बाहेरून वरच्या बादलीत गरम पाणी ओततो आणि तेवढ्यातच आंघोळ उरकायची. गुडघे दुखत असतील तर हे आधी विचारा. आणि थंडी! मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे उघड्या जीपमधे कानटोपी लागतेच. रात्री पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात, अंधारात पायाला लागली की दचकायला होतं, त्यांना आधीच सांगून ठेवा.

एजंटला एक नक्की विचारा, कॅम्प रिझर्व्हमधे म्हणजे मुख्य अभयारण्यात आहे का बाहेरच्या कन्झर्व्हन्सीत. नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशा कन्झर्व्हन्सी आहेत, तिथली जमीन मसाई जमातीच्या कुटुंबांची आणि कॅम्पवाले त्यांना भाडं देतात. गाड्या कमी, आणि रात्रीची सफारी, गाईडसोबत पायी फिरणं हेही मिळतं जे रिझर्व्हमधे चालत नाही. मला हेच जास्त पटतं, कारण भाड्याचा पैसा आला तरच ते लोक तिथे कुंपणं न घालता जनावरांना मोकळं फिरू देतील. फक्त विल्डबीस्ट म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांचे कळप मारा नदी ओलांडताना बघायचे तर एक दिवस रिझर्व्हमधे जावं लागेल, आणि तिथली फी जुलै ते डिसेंबर माणशी दिवसाला २०० डॉलर आहे. पॅकेजमधे धरलीये का ते लेखी घ्या.

प्रश्न : यलो फीव्हरची लस सगळ्यांनाच लागते का?

उत्तर : हो, केनियाहून भारतात परत येताना सर्टिफिकेट बघतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि निघायच्या किमान १० दिवस आधी, कारण सर्टिफिकेट त्यानंतरच लागू होतं. साठीच्या पुढे या लसीचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते, तेव्हा सासूबाईंना आधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, मलेरियाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. खाण्याचे हाल होतील का?

उत्तर : नाही हो. केनियात चपातीला चपातीच म्हणतात, सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी मस्त लागते. पण कॅम्पचं सामान लांबून येतं, म्हणून आधीच कळवा. खाकरे-चिवडा न्या थोडा, पण नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर हँडबॅग धरून साधारण १५ किलोच चालतं आणि बॅग मऊ लागते. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, सगळं कापडी पिशवीत भरा. आणि पोचल्यावर ती पिशवी सरळ किचनमधे द्या, तंबूत ठेवू नका, तिथली माकडं चेन उघडतात.