“मी फक्त नाव छोटं केलं होतं, मॅडम”

“मॅडम, मी रेसिस्ट आहे का?” खुर्चीत नीट बसण्याआधीच सुहासने विचारले. (ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) वय एकोणतीस, मालाडच्या एका कंपनीत नोकरी, कामाचा बराचसा भाग इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर. मोबाइल त्याने टेबलावर पालथा ठेवला होता आणि तो थरथरला की त्याचे खांदे आखडत होते.

घडले ते एवढेच. भारत-पाकिस्तान सामन्याच्या संध्याकाळी, शेवटचा गडी बाद होताच त्याने ऑफिसच्या गटावर लिहिले, ‘पाकीज फिनिश्ड!’ मुंबईच्या चौघांनी हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पाडला, इंग्लंडची बाजू मात्र गप्प झाली. दुसऱ्या दिवशी एचआरने लेखी खुलासा मागवला. तक्रार कोणा पाकिस्तानी माणसाची नव्हती; ती लेस्टरच्या एका गुजराती सहकारी बाईंची होती, आणि हेच सुहासला सर्वांत अनाकलनीय वाटत होते.

परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करणारी बरीच मुले अशी भीती घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. त्यातली माझी चूक आधी सांगते. पहिल्या भेटीत त्याची झोप उडालेली पाहून मी धीर देण्याच्या घाईत म्हणून गेले, “शेवटी एक शब्दच आहे, निवळेल सगळं.” दुसऱ्या भेटीत त्याने खुलाशाचा मसुदा दाखवला तेव्हा त्यात माझेच वाक्य बसले होते : ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व, पण शेवटी तो एक शब्दच आहे.’ नशिबाने तो पाठवलेला नव्हता.

त्याचा युक्तिवाद तर्काला धरून होता. ब्रिटिशांना ‘ब्रिट’ म्हटलेले चालते, ऑस्ट्रेलियन स्वतःला ‘ऑसी’ म्हणवून घेतात, आपली वर्तमानपत्रे मथळ्यात जागा वाचवण्यासाठी रोज ‘भारत-पाक’ छापतात. मग एक वेलांटी वाढली तर एवढे आकाश का कोसळावे? मी त्याला सांगितले की दोष नाव छोटे करण्यात नसतो, ते छोटे नाव कोणाच्या तोंडी आणि कोणत्या प्रसंगी वाढले त्यात असतो. अमेरिकी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘जॅप’ हेही जागा वाचवणारे रूप होते. पण १९४२ नंतर सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते, छावण्यांत डांबले गेले तेव्हा त्यांच्यावर हाच शब्द फेकला जात होता. त्यानंतर तो मथळ्यापुरता राहिला नाही.

‘पाकी’चेही तसेच झाले; इंग्लंडमध्ये ती दक्षिण आशियाई माणसांना द्यायची वर्णद्वेषी शिवी झाली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये सावळ्या माणसाला गाठून मारण्याच्या प्रकाराला या शब्दावरूनच नाव पडले होते, आणि मारणारे कोणाचा पासपोर्ट पाहत नव्हते. ४ मे १९७८ रोजी पूर्व लंडनमध्ये वर्णद्वेषी हल्ल्यात मारला गेलेला अल्ताब अली हा बांगलादेशी कापड कामगार होता. जिथे त्याच्यावर हल्ला झाला त्या रस्त्यालगतच्या बागेला आज त्याचे नाव आहे. तक्रार करणाऱ्या बाईंचे आईवडील १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकलले तेव्हा कंपालाहून लेस्टरला आलेले. त्यांनी तक्रारीत लिहिले होते की त्या सहा वर्षांच्या असताना त्यांच्या दुकानाच्या शटरवर हा शब्द रंगवलेला होता आणि वडील तो रॉकेलने पुसत होते. पाकिस्तान त्यांनी कधी पाहिलेलेही नाही.

सुहास क्रिकेटवेडा असल्यामुळे अझीम रफीक यांचे उदाहरण त्याला लगेच समजले. कराचीत जन्मलेल्या या इंग्लिश क्रिकेटपटूने नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संसदीय समितीसमोर साक्ष दिली, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये हाच शब्द ‘गंमत’ म्हणून वापरला जात असे, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. “पण मला हे ठाऊकच नव्हतं,” सुहास म्हणाला. ते खरेच होते, आणि खुलाशात तेवढे लिहायला हरकत नाही, असे मी म्हटले. मात्र ठाऊक नसणे हे कारण झाले, त्यावरून समोरच्याने दुखावूच नये असा हक्क मिळत नाही.

यावर तो एकदम चिडला. “मला कॉलेजात दोन वर्षं ‘घाटी’ म्हणायचे. मी केली का तक्रार? हसून सोडून दिलं. मग त्यांना का सोडता येत नाही?”

मला वाटते, त्याचा खरा अडसर इथे होता. पाटणहून लालबागला मामाकडे आलेला हा मुलगा दक्षिण मुंबईतल्या कॉलेजात गेला, तेव्हा घाटावरचा म्हणजे ‘घाटी’ हा साधा पत्ता त्याच्यासाठी गावंढळपणाचा शिक्का झाला होता. (मुंबईत ‘भैया’चेही हेच झाले आहे, आणि ते करणाऱ्यांत आपण मराठी माणसे मागे नाही, हेही कबूल करावे.) स्वतःचा अपमान गिळायला शिकलेला माणूस, जो गिळत नाही त्याच्यावर रागावतो, हे मी समुपदेशनात अनेकदा पाहिले आहे. मी विचारले, “हसून सोडलं, मग अकरा वर्षांनी आठवतंय कसं?” त्याने उत्तर दिले नाही. टेबलावरचा चहा त्याने दोन घोटांत संपवला आणि मसुदा मागून घेतला.

त्या भेटीत आम्ही ‘दुखावल्या असल्यास’ हा शर्तीचा भाग काढला, ‘एक शब्दच आहे’ काढले, आणि त्याने स्वतः तीन वाक्ये लिहिली : मी हा शब्द वापरला; त्याचा इतिहास मला माहीत नव्हता, तो आता कळला; तो पुन्हा माझ्याकडून येणार नाही. उत्तराची अपेक्षा नाही, असे चौथे वाक्य लिहावे का, यावर बराच वेळ गेला आणि शेवटी ते लिहिले नाही. कंपनीने लेखी ताकीद दिली, नोकरी राहिली. लेस्टरहून काही आठवडे फक्त कामापुरते मेल आले.

पुढच्या भेटीला सुहासने त्या गटाचा विषय काढलाच नाही. कँटीनमध्ये त्याचा डबा उघडून भाकरी सर्वांना दाखवणाऱ्या मुलाचे नाव त्याने आधी सांगितले, आणि मग ती दुपार पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.