आय-ट्वेंटी विकून एन लाइन घ्यावी का?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. २०१७ ची ह्युंदाई एलिट आय-ट्वेंटी आहे, १.२ पेट्रोल, ६२ हजार किलोमीटर. आजवर एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही. डीलर सव्वाचार लाख देतोय. मला तिचीच एन लाइन टर्बो, म्हणजे जास्त ताकदीच्या इंजिनाची आवृत्ती घ्यायची आहे, ऑन-रोड साडेतेरा लाख. गाडीचे सव्वाचार, एफडीतले पावणेदोन आणि बाकी साडेसात लाखांचं कर्ज, ९ टक्के, सात वर्षं. दोघांचा मिळून पगार हातात १ लाख ४५ हजार येतो, घराचा हप्ता ४८ हजार. शिल्लक म्हणून साडेतीन लाखांची एफडी तेवढी आहे. मुलगी आठवीत. तीन वर्षांनी या गाडीचे दोन-सव्वादोन लाखच येतील, मग आताच विकलेली बरी ना?

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण घरी पटवायला तुम्ही हेच कारण पुढे केलं असणार.

जुनी गाडी तीन वर्षांत दोन लाखांनी उतरेल, मान्य. पण त्याच तीन वर्षांत नवी किती उतरेल? महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आहे. एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स आणि विमा सोडून) साडेअकरा लाख धरली तर १ लाख ३८ हजार तिथेच गेले, विम्याचे वेगळे. तीन वर्षं वापरलेली ही गाडी माझ्या अंदाजाने आठ लाखांच्या आसपास जाईल. म्हणजे दोन लाखांची घट टाळायला तुम्ही साडेपाच लाखांची घट विकत घेताय, वर व्याज. सात वर्षांत एकूण व्याज होतं सुमारे २ लाख ६४ हजार. तेव्हा किंमत पडेल म्हणून विकतोय, हे कारण सोडा. गाडी आवडली आहे म्हणून घ्यायची आहे, असं सरळ म्हणा. त्यात गैर काही नाही. हौसेला पैसे खर्च करू नयेत असं मी कुणालाच सांगत नाही. मात्र हौसेचा खर्च हौस म्हणूनच मोजायचा.

आता तो झेपतो का ते बघू. गाडीचा हप्ता साधारण १२ हजार ७० रुपये. घराचा धरून ६० हजार, म्हणजे पगाराच्या ४१ टक्के. हे एक वेळ चालवून घेता येईल. मला खटकते ती एफडी. घराचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला लाखभर धरले तर साडेतीन लाख म्हणजे साडेतीन महिने. हेच मुळात कमी आहे. त्यातले पावणेदोन काढले आणि गाडीचा हप्ता वाढला, की दीड महिना उरतो. दोघांपैकी एकाची नोकरी गेली, तर तेवढ्या काळात दुसरी लागेलच असं नाही. शिवाय तीन वर्षांनी मुलगी अकरावीत असेल, क्लासची फी एकरकमी मागतील, आणि तेव्हाही कर्जाचे सुमारे ४ लाख ८५ हजार फिटायचे असतील.

इंजिनाचं म्हणाल, तर नव्या गाडीचं सरस आहे. ताकद ८३ पीएसवरून १२० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ ११५ वरून १७२ न्यूटन मीटर, हा फरक पहिल्या सिग्नललाच कळतो. फक्त सिग्नल सुटला पाहिजे. मेट्रोच्या कामातून कापूरबावडी, माजिवडा गाठेपर्यंत दोन्ही गाड्या सारख्याच रांगतात. डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) घेणार असाल तर अशा रांगत्या ट्रॅफिकमध्ये तिचा क्लच तापतो, हेही लक्षात ठेवा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मर्यादा १०० ची आहे आणि आता कॅमेरेही आहेत. टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी पाम बीच रोडला घेऊ नका. सोमवारी नऊ वाजता घोडबंदरला घ्या.

एक गंमत : थर्ड पार्टी विम्याचा (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा) हप्ता सीसीवर, म्हणजे इंजिनाच्या आकारावर ठरतो, पीएसवर नाही. टर्बोचं इंजिन ९९८ सीसीचं, तुमचं ११९७ चं. त्यामुळे जून २०२२ च्या दरांनुसार तुम्हाला वर्षाला ३,४१६ रुपये, तर एन लाइनला २,०९४. गाडीची किंमत जास्त असल्याने ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र हे सगळं वसूल करतो. तुमचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) नव्या गाडीवर नेता येतो, तेवढा सोडू नका.

माझं मत : आता घेऊ नका. १२ हजारांचा हप्ता परवडेल असं वाटत असेल, तर पुढच्या महिन्यापासून १२ हजारांची आरडी लावा. साडेसहा टक्क्यांनी दोन वर्षांत तीन लाख सात हजारांच्या आसपास जमतील. मध्येच दोन-चार हप्ते चुकले, तर परवडत नव्हतं हे कर्ज न काढताच कळेल. दोन वर्षांनी आय-ट्वेंटीचे तीन लाख आले तर हाती सहा लाख, आणि एफडी जागच्या जागी. तेव्हाही कोरी गाडी कशाला? एन लाइन सप्टेंबर २०२१ पासून रस्त्यावर आहे. सर्व्हिसच्या पूर्ण नोंदी असलेली, एकाच हातची गाडी शोधा. पहिली मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर चढा असतो, पण दोन-तीन लाखांवर तो सोसता येतो. तोवर आय-ट्वेंटीला टायर, बॅटरी, सस्पेन्शन मिळून वर्षाला पंचवीस-तीस हजार लागले तरी कुरकुर करू नका.

एवढं सांगूनही आताच विकणार असाल, तर डीलरच्या सव्वाचार लाखांत एक्स्चेंज बोनस किती आणि गाडीची किंमत किती, ते वेगवेगळं लिहून घ्या. आय-ट्वेंटी कर्जावर घेतली असेल, तर ते फिटल्यावरही आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचं नाव राहिलेलं असू शकतं. ते आधी काढून घ्या. तुमची गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नसेल तर मालकी बदलाचं काम आरटीओत अडेल. स्वतःच्या वापराची गाडी विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. नवीची एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर) घेतील, तो रिटर्नमध्ये वळता करून घ्या.

आणि डीलरकडे किल्ली दिली की काम संपलं असं समजू नका. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे. विक्रीची सूचना १४ दिवसांत आरटीओला द्या, आणि आरसीवर नवं नाव चढल्याचं स्वतः ऑनलाइन तपासा.