लामूला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रवासाचा बेत वाचला. केनियाच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या बेटावरचे लामू हे जुने नगर तू निवडलेस याचा मनापासून आनंद झाला. पण त्या बेतात लामूच्या वाट्याला जेमतेम दोन दिवस आले आहेत आणि तेही किल्ला, संग्रहालय, कोरीव दरवाजे आणि त्याच बेटावरच्या शेला गावाची पुळण अशा क्रमाने वाटून टाकलेले आहेत, हे पाहून लगेच लिहायला बसलो. वास्तुरचना शिकणाऱ्या मुलीने तिथे निदान आठवडाभर राहावे आणि सुरुवात दरवाजांपासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दरवाजावर सुताराचे कसब दिसते, मालकाची ऐपत दिसते; घर मात्र कळते ते छताखालच्या वाशांपासून.

लामूची जुनी घरे प्रवाळी दगडाची आहेत. त्यांचा चुनाही प्रवाळ भाजूनच केलेला असतो. छतासाठी खारफुटीचे सरळ सोट वासे जवळजवळ मांडायचे आणि त्यांच्यावर प्रवाळाचे तुकडे व चुना घालून धुमसायचे, अशी तिथली पद्धत आहे. या वाशाला तिथे बोरिती म्हणतात. वासा जेवढा भार न वाकता पेलू शकतो तेवढीच खोली रुंद होते, म्हणून खोल्यांची रुंदी तीन मीटरच्या आतच थांबते. लांबी मात्र मालकाला हवी तेवढी वाढवता येते. हेच वासे गलबतांत भरून अरबस्तानात आणि आखातात जात असत, आणि तिकडच्या जुन्या घरांच्या खोल्याही अशाच अरुंद व लांबट झाल्या. पोहोचल्यावर पहिल्या दिवशी टेप घेऊन चार घरांतल्या खोल्यांची रुंदी तेवढी मोज. तो आकडा पुन्हा पुन्हा तोच येऊ लागला, की खारफुटीच्या जंगलाने या नगराला माप कसे घालून दिले ते तुला कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

त्यानंतर घराच्या आत जाण्याचा क्रम पाहा. गल्लीला लागून दाका, म्हणजे दगडी बाकांची देवडी असते, आणि परका पुरुष बहुधा तिथेच बसतो. तिथून आत जाणारी वाट वळवलेली असते, त्यामुळे दार उघडे असले तरी रस्त्यावरच्या माणसाची नजर चौकापर्यंत पोहोचत नाही. चौकापुढे एकामागे एक लांबट खोल्या लागतात. प्रत्येक खोलीची जमीन आधीच्या खोलीपेक्षा थोडी उंच, प्रत्येकीत उजेड थोडा कमी आणि खासगीपणा थोडा जास्त. सर्वांत आतल्या भागात चुन्याच्या गिलाव्यात कोरलेल्या कोनाड्यांची भिंत असते. त्या कोनाड्यांना झिदाका म्हणतात आणि त्यांत चिनी मातीची भांडी मांडून ठेवीत. ही भिंत पाहताना घाई करू नकोस. गिलावा ओला असतानाच त्यात नक्षी कोरलेली असते. कडेने नीट पाहिलेस तर हत्याराच्या खुणा दिसतात आणि चुना कुठे घट्ट झाला असताना कारागिराला जोर लावावा लागला तेही ओळखू येते.

न्हाणीघराजवळ बिरिका, म्हणजे पाण्याचा हौद असतो. त्यात पूर्वी बारीक मासे सोडलेले असत, कारण ते डासांच्या अळ्या खातात. काही हौदांच्या तळाशी चिनी मातीची बशी बसवलेली असते. एवढ्याशा हौदात पाण्याची सोय, आरोग्य आणि दूरदेशीचा व्यापार हे तिन्ही एकत्र आलेले आहेत, म्हणून त्याचे रेखाचित्र तू स्वतः हाताने काढावेस असा माझा आग्रह आहे. गल्लीच्या डोक्यावरून दोन घरांना जोडणारे पूलही तुला दिसतील. त्यांना विकिओ म्हणतात, आणि घरातल्या स्त्रियांना खाली रस्त्यावर न उतरता नातलगांकडे जाता यावे ही त्यांची मोठी सोय होती.

नगराचा नकाशा वाचायला सोपा आहे, तो पटकन सांगतो. उत्तरेकडचा म्कोमानी हा दगडी घरांचा जुना भाग आणि दक्षिणेकडचा लांगोनी हा तुलनेने नव्या वस्तीचा. किनाऱ्याला समांतर जाणारा आतला मुख्य रस्ता जुना आहे. आज जिथे धक्का आणि समुद्रासमोरच्या इमारती दिसतात ती जागा एकोणिसाव्या शतकात भराव घालून तयार झाली. मक्का लामूच्या जवळजवळ थेट उत्तरेला येत असल्याने मशिदींचे मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारे भिंतीतले कोनाडे, उत्तरेला आहेत, तेव्हा एखादी मशीद दिसली की दिशा कळते. युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेले हे जुने नगर अवघे १६ हेक्टरांच्या आसपास आहे. सातशेहून अधिक वर्षे माणसे तिथे सलग राहत आली आहेत, आणि हा सलगपणाच त्याचे खरे वैशिष्ट्य आहे. समोरच्या मांडा बेटावरचे ताक्वा सतराव्या शतकात ओस पडले, पाते बेटावरचे शांगा त्याच्याही आधी उजाड झाले, लामू टिकले. एक दिवस काढून ताक्वाचे अवशेष अवश्य पाहा, म्हणजे टिकणे ही सहज घडणारी गोष्ट नव्हती हे ध्यानात येईल.

इतिहासात तुला आपल्या बाजूचा एक धागा सापडेल, आणि तो सुखाचा नाही. मीर अली बे या ओटोमन सरदाराला साथ दिल्याच्या रागातून १५८९ मध्ये गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज आरमाराने या किनाऱ्यावरच्या नगरांना शिक्षा केली, आणि त्यात लामूच्या राजाचा शिरच्छेद झाला. पुढे १८१३ च्या सुमारास पाते आणि मोम्बासा यांच्या फौजा शेलाच्या किनाऱ्यावर उतरल्या, त्यांचा लामूकरांनी पराभव केला. त्या लढाईनंतर ओमानच्या सुलतानाचे संरक्षण मागण्यात आले आणि आजचा किल्ला १८२१ च्या सुमारास पुरा झाला. हा किल्ला १९८४ पर्यंत तुरुंग होता. आता तिथे संग्रहालय आहे.

पण एकोणिसाव्या शतकातली ही भरभराट कोणाच्या श्रमावर उभी होती, हा प्रश्न तू सोबत घेऊन फिरावेस असे मला फार वाटते. समोरच्या मुख्य भूमीवरची शेती गुलामांकडून करून घेतली जात होती, आणि या किनारपट्टीवर गुलामगिरीला कायद्याने पूर्णविराम मिळाला तो १९०७ मध्ये. घरांच्या नकाशात मालकाचे दालन आणि मालकिणीची आतली खोली ठळक दिसते. पाणी वाहणारी, दगड फोडणारी, चुना कालवणारी माणसे कुठे झोपत होती ते नकाशावर सहजासहजी दिसत नाही. ते शोध. लांगोनीतली रियाधा मशीद या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तिचे संस्थापक हबीब स्वालेह यांनी पूर्वीच्या गुलामांना आणि समाजात खालच्या मानल्या गेलेल्या लोकांना धर्मशिक्षणाची दारे उघडली, आणि आज मौलिदीच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिनाच्या, उत्सवाला पूर्व आफ्रिकेभरातून लोक लोटतात ते याच मशिदीपाशी. जुन्या दगडी नगराचे गुणगान करणारे बरेच प्रवासी लांगोनीत पाऊलही टाकत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते.

शेलाच्या पुळणीबद्दल तू उत्साहाने लिहिले आहेस. ती सुंदर आहेच. पण तिच्यामागच्या वाळूच्या टेकड्या जास्त लक्ष देऊन पाहा. पावसाचे पाणी त्या वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर म्हणून तरंगत राहते. लामू नगराच्या विहिरींना पाणी येते ते तिथून. टेकड्यांवर बंगले उठले किंवा उपसा वाढला, तर हा थर पातळ होतो आणि खारे पाणी वर चढते. कोकणातल्या खाडीकाठच्या विहिरी खारट होताना पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागणार नाही. तेव्हा प्रवाशांसाठीच्या ज्या घरात उतरशील तिथे अंघोळीच्या बादलीचा हिशेब ठेव.

राहण्याचे म्हणशील तर म्कोमानीत एखाद्या स्थानिक कुटुंबाने चालवलेले घर निवड. गेल्या काही दशकांत पुष्कळ जुनी घरे परदेशी लोकांनी विकत घेतली. त्यातल्या कित्येकांची डागडुजी उत्तम झाली, पण ती वर्षातला बराच काळ बंद असतात, आणि कुलूपबंद घरांनी वस्ती चालत नाही. सकाळी बाजारात महामरी, म्हणजे तळलेले गोडसर पाव, आणि म्बाझी खा. म्बाझी म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली आपली तूरच. गल्लीत गाढवांना वाट द्यायला शीक, कारण विटांपासून वाळूपर्यंतचे सगळे सामान त्यांच्याच पाठीवर हलते. वडीलधाऱ्या माणसाला 'शिकामू' असा आदराचा नमस्कार म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नकोस आणि दारात उभी राहून 'होदी' अशी हाक दिल्याशिवाय कोणाच्या घरात शिरू नकोस. खांदे आणि गुडघे झाकणारे सैलसर कपडे घाल. बुईबुई, म्हणजे अंगभर काळा झगा, घातलेल्या स्त्रियांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि नकार आला तर कॅमेरा लगेच खाली घ्यावा. तू मुलगी असल्याने एखादी आजी तुला कदाचित थेट आतल्या खोलीत नेईल. माझ्यासारख्या पुरुषाला देवडीवर बसूनच जे ऐकावे लागते, ते तुला डोळ्यांनी पाहता येईल. तो विश्वास जप, आणि आतले फोटो समाजमाध्यमांवर टाकू नकोस.

लामू आज एका मोठ्या बदलाच्या तोंडाशी आहे, हेही लक्षात असू दे. जवळच मुख्य भूमीवर मोठे बंदर उभे राहत असून त्याचा पहिला धक्का २०२१ मध्ये सुरू झाला. याच परिसरातल्या नियोजित कोळसा वीजप्रकल्पाचा परवाना मात्र स्थानिकांच्या लढ्यानंतर २०१९ मध्ये पर्यावरण न्यायाधिकरणाने रद्द केला. मच्छीमारांशी बोलताना या विषयावर आधी ऐकून घे. बंदराने काम मिळेल असे म्हणणारे आणि मासेमारीच्या जागा गेल्या असे सांगणारे, दोघेही तुला एकाच धक्क्यावर भेटतील आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

आता व्यवहाराचे. डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला; तेव्हा कास्काझी हा ईशान्येचा वारा वाहतो, ज्याच्या जोरावर अरबस्तानातली आणि हिंदुस्थानातली गलबते शतकानुशतके तिथे उतरली. एप्रिल-मे मधला पाऊस टाळ. नैरोबीहून विमानाने मांडा बेटावर उतरून होडीने लामूला जा. मुख्य भूमीवरून रस्त्याने जाऊ नकोस असे मी बजावून सांगतो. लामू जिल्ह्याच्या मुख्य भूमीवर २०१४ मध्ये म्पेकेटोनी परिसरात भीषण हल्ले झाले होते, आणि निघण्यापूर्वी सरकारी सूचना पाहणे आजही आवश्यक आहे. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घे आणि तिचे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेव, कारण केनियाहून परतताना भारतात ते मागतात. हिवतापाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचार.

शेवटी एक काम सोपवतो. ज्या ज्या घराची मोजणी करशील त्याचा नकाशा तिथेच शाईने पक्का करून एक प्रत घरमालकाला दे, आणि त्याची परवानगी असेल तर दुसरी लामूच्या संग्रहालयात पोहोचव. वासे बदलण्याची वेळ आली की त्या कुटुंबाला असा नकाशा हाताशी लागतो, आणि परक्या माणसाने मोजून नेलेली मापे बहुधा तिकडे परत जात नाहीत. कागद चांगला जाड ने. तिथली हवा दमट आहे.

कळावे,

तुझे सर