धंदा शिकवणारे मालक गेले, शोकसभेत काय बोलावं?

तुम्ही लिहिलंय की ज्यांच्या हाताखाली धंदा शिकलात ते मालक गेले, रविवारी शोकसभा आहे, घरच्यांनी तुम्हालाच बोलायला सांगितलंय आणि 'थोर', 'दानशूर' यापलीकडे काही सुचत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ते शब्द बाकीचे वक्ते बोलतीलच. तुम्ही, ते काम कसं करायचे, ते सांगा. शेजारी बसून पाहिलेलं तुमच्याकडे आहे. ते व्यासपीठावरच्या पाहुण्यांकडे नाही.

माझेही मालक असेच गेले. वेंगुर्ले तालुक्यात त्यांचा काजूचा कारखाना होता आणि अख्खी पंचक्रोशी त्यांना तात्या म्हणायची. मी बी. कॉम. झाल्यावर त्यांच्याकडे हिशेब लिहायला लागले आणि पुढे स्वतःचा छोटा कारखाना काढला, तोही त्यांनीच मागे लागून काढायला लावला. त्यांच्या शोकसभेत भाषणं खूप झाली. 'भीष्माचार्य' झालं, 'अजातशत्रू' झालं, 'न भरून निघणारी पोकळी' तर तीनचार जणांनी सांगितली. मग कटिंगला, म्हणजे काजू बी कापायला, बसणारी एक म्हातारी बाई जागेवरूनच उठली, माइकपाशी गेलीसुद्धा नाही. म्हणाली, "तात्यांनी माझो काटो कधी मारूक नाय." आणि खाली बसली. मागच्या रांगांमधले शेतकरी तेव्हा पहिल्यांदा मान वर करून बघायला लागले.

या धंद्यात काटा मारणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे फेब्रुवारी ते मे काजू बीचा हंगाम. शेतकरी पोतं घेऊन व्यापाऱ्याच्या दारात येतो. बी ओली आहे म्हणून कडता, म्हणजे वजनातून घट, कापायचा, गोणीचं वजन म्हणून आणखी काही कापायचं, आणि काटा असा वळवून ठेवायचा की आकडा घेणाऱ्यालाच दिसावा, असे प्रकार चालतात. तात्यांचा काटा दाराकडे तोंड करून असायचा. बी ओतून झाली की रिकामी गोणी परत काट्यावर, आणि भरेल तेवढंच वजा. बी ओली असेल तर कडता नाहीच. बी परत. "अजून दोन ऊन दाखव आणि मगे घेवन ये. आज दिलंस तर तुझोच तोटो." माणूस चार किलोमीटर पोतं आणून वैतागलेला असायचा, पण पुढच्या वेळी सुकवूनच आणायचा.

बी सुकली का, हे ते यंत्राशिवाय ओळखायचे आणि तसंच त्यांनी मला शिकवलं. अंगठ्याचं नख दाबायचं, सुकलेल्या बीवर ते रुतत नाही. मूठभर बी कानाशी धरून हलवायची, सुकली असेल तर खुळखुळते. मग पोत्याच्या वरून नाही, मधून आणि तळातून बी काढून किलोभर मोजायची, कापायची आणि गर वेगळा करायचा. भरलेला एकीकडे, डागी दुसरीकडे, पोकळ तिसरीकडे. मी सुरुवातीला वही उघडून आधी भाव विचारायचे. तात्या म्हणायचे, "चेडवा, आदी बी हातात घे. दर मगे."

एका दुपारी त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर मला एक हिशेब मांडून दाखवला. धरा, बी १२० रुपये किलोने घेतली. शंभर किलो बीतून २५ किलो गर पडला तर गराच्या किलोमागे नुसत्या बीचाच खर्च ४८० रुपये. तीच बी चांगली निवडलेली, नीट सुकलेली असली आणि २८ किलो गर पडला, तर तोच खर्च ४२९ च्या आत. वरचे पन्नासएक रुपये कुठून आले? ना जाहिरातीतून, ना पॅकिंगमधून. शेतकऱ्याला दोन रुपये जास्त देऊन चांगली बी घेणं परवडतं, हे मला त्या दिवशी आकड्यांत कळलं. तेव्हापासून 'तात्या शेतकऱ्यावर उपकार करतात' असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही. ते चोख धंदा करत होते, आणि त्या चोखपणात शेतकऱ्याचंही भलं होतं.

तुमच्या मालकांचा असा एखादा हिशेब तुम्हाला नक्की आठवत असेल. तो सांगा. लोकांना आकडे कळत नाहीत असं समजू नका. ज्यांचं पोट त्या धंद्यावर आहे त्यांना भाषणापेक्षा आकडे जास्त कळतात.

दुसरी गोष्ट पैशांची. काजूत बी घ्यायची तीन-चार महिन्यांत आणि गर विकायचा वर्षभर, त्यातही मोठा उठाव गणपती ते दिवाळी. म्हणजे पैसा उन्हाळ्यात अडकतो आणि थेंबाथेंबाने सुटतो. नवीन कारखानदार बुडतो तो इथेच. मार्चमध्ये भाव चढायला लागले की घाबरून हाताला लागेल तेवढी बी भरतो, कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेने धंद्यासाठी दिलेली उचलीची मर्यादा, संपवतो आणि पावसाळ्यात बायकांचा पगार द्यायला पैसा उरत नाही. मी कारखाना काढला त्या पहिल्या हंगामात तात्या माझ्या गोदामात आले, थप्प्या बघितल्या आणि पहिला प्रश्न केला तो असा: श्रावणातली मजुरी बाजूला काढली आहेस का? बीबद्दल एक शब्द नाही. आधी मजुरी, मग बँक, मग आपण, हा त्यांचा क्रम होता आणि तो त्यांनी कधी मोडलेला मी पाहिला नाही.

बायकांच्या हातांचं सांगायलाच हवं. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. बी वाफवून, रात्रभर गार करून सकाळी कटिंगला घेतात, तरी तेल हाताला लागतंच. पायाने पॅडल मारायचं, हाताने खटका ओढायचा, बी दुभंगली की आतला गर आकड्याने अलगद काढायचा, अख्खा. तुटला तर पाकळी, आणखी तुटला तर तुकडा, आणि भाव तिथेच पडतो. बोटं काळी पडतात, सालपटं निघतात. तात्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलाशेजारी एरंडेलाची वाटी आणि चाळलेली राख कायम भरलेली असायची. हातमोजे आणून दिले होते, पण मोज्यांनी गर तुटतो म्हणून बायका घालत नव्हत्या. तेव्हा त्यांनी बायकांना बोल लावला नाही. मोजे घालून तुटलेल्या गराची मजुरीही अख्ख्याच्या दराने लिहायला मला सांगितलं, आणि मग हळूहळू मोजे हातात दिसायला लागले. त्या म्हातारीचं 'काटो मारूक नाय' यातून आलं होतं. तिचा काटा म्हणजे संध्याकाळी तिने कापलेल्या गराचा काटा.

कलमांचंही थोडं सांगते. आमच्याकडे पूर्वी सगळी गावठी झाडं, बी बारीक. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली आहे. तिथून निघालेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींनी इथली बाग बदलली. सातची बी सरासरी दहा ग्रॅमपर्यंत भरते. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हा तात्या लोकांच्या मागे लागून, कागद भरून देऊन, कलमं लावून घ्यायचे. बाकीचे कारखानदार तेव्हा बाहेरून बी आणायच्या मागे होते, आज तर आफ्रिकेतून जहाजाने बी येते. तात्यांचं म्हणणं होतं की आपल्याला वीस वर्षांनी बी लागणार आहे, ती आजच्या पावसात लावली पाहिजे. त्यातल्या पुष्कळ झाडांची बी आता माझ्याकडे येते.

२०२० मध्ये मार्चअखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम ऐन भरात होता. खरेदी थंडावली, भाव कोसळले, लोक मिळेल त्या दराने बी टाकायला निघाले. तात्यांचं वय झालं होतं, कारखाना मुलगा बघायचा, पण फोनवर ते बसून होते. एकेका वाडीत फोन: विकू नका, कडक सुकवा, गोणीत भरून जमिनीपासून वर फळीवर ठेवा, सुकलेली बी महिनोन्‌महिने टिकते. ज्याला घरखर्चाची नड त्याला उचल, आणि ती फक्त वहीत नावापुढे, कागद नाही, सही नाही.

त्यांचा राग मात्र वाईट होता. भर कारखान्यात ओरडायचे आणि समोरच्याचं वय बघायचे नाहीत. पाकिटावर स्वतःचं नाव छापून माल विकायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत, त्यात कारखान्याचं नुकसान झालं असं मला आजही वाटतं. हे मी त्यांच्या घरात बोलते आणि काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, हसून मान्य करतात. तुमच्या भाषणातही माणूस माणसासारखा दिसू दे. एखादा हट्ट, एखादी तऱ्हा प्रेमाने सांगितली तर घरच्यांना बरंच वाटतं. फक्त ज्याला त्यांच्या रागाचा खरोखर त्रास झाला असा कोणी समोर बसला असेल तर तो विषय सोडा.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण मला भाषणापेक्षा महत्त्वाची वाटते. आपल्याकडे जुन्या माणसांचे व्यवहार तोंडी असतात. उचल, उसने, कोणाची बी भाव ठरायच्या आधी घेतलेली, कोणाच्या मुलीच्या लग्नाला दिलेले. माणूस गेला की घरच्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं आणि ज्याचं घेणं असतं तो लगेच दारात येतो. ज्याचं देणं असतं तो थांबतो. वाईट हेतूने नसेल, पण थांबतो. तात्यांच्या बाराव्यानंतर मी माझी वही घेऊन काकींकडे गेले आणि माझ्याकडून त्यांचं येणं किती ते तारखांसकट त्यांच्या मुलाला लिहून दिलं. ती रक्कम त्याला माहीतच नव्हती. मग मी ज्या लोकांची उचल स्वतः वहीत लिहिली होती, त्यांना एकेकट्याला भेटून सांगितलं की घरी जाऊन या, पैसे आज नसले तरी आकडा सांगून या. बहुतेक जण गेले. एकाने तर सांगितलेल्यापेक्षा जास्त आकडा सांगितला, कारण मधली एक उचल तात्यांनी वहीतही लिहू दिली नव्हती.

तुम्ही हिशेबात असाल, खरेदीत असाल, तर तुम्हालाही असं बरंच माहीत असणार. रविवारच्या आधी त्यांच्या घरी जाऊन शांतपणे बसा, मुलाबाळांना काय येणं आहे, काय देणं आहे ते कागदावर काढून द्या. तिथे बसलात की बोलण्यात जुन्या गोष्टी निघतील, आणि काय बोलायचं ते तिथेच सापडेल. मग पाच-सात मिनिटांच्या वर बोलू नका. समोर कामगार असतील, त्यांना कळेल अशा भाषेत बोला, आणि मालकांबरोबर सगळ्यात जास्त वर्षं काम केलेल्या माणसाचं नाव भाषणात नक्की घ्या.