ट्रायल नाही म्हणाले, आता माप कसं घ्यायचं?
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इतवारीतल्या एका दुकानात यजमानांसाठी शर्ट आणि माझ्यासाठी कुरता घेतला. "ट्रायल नाही ताई, 40 म्हणजे 40च," असं सांगितलं. घरी आल्यावर शर्ट गळ्याला घट्ट आणि कुरता छातीत आवळतो. दुकानदाराला ट्रायल देणं बंधनकारक नाही का?
— एक वाचक, महाल

उत्तर : नाही. विकण्याआधी कपडा घालून पाहू द्यायलाच हवा, अशी सक्ती कायद्यात नाही. दुकान लहान असेल, ठोक माल असेल, सेल असेल, तर ट्रायल बंद ठेवायला दुकानदार मोकळा आहे. पण "40 म्हणजे 40च" हे साफ चूक.

ऑफिसच्या शर्टावर 39, 40, 42, 44 असे आकडे असतात, ते बहुतेक वेळा कॉलरचे सेंटिमीटर असतात. कुरत्यावरचा 40 हा छातीचा, इंचात. त्यातही काही कंपन्या अंगाचं माप छापतात आणि काही शिवून तयार झालेल्या कपड्याचं. तयार घेर 40 असलेला न ताणणाऱ्या कापडाचा कुरता 37-38 छातीलाच नीट बसतो. तुमचं तेच झालेलं दिसतं. म्हणून लेबलवर अक्षर किंवा आकडा पाहून थांबू नका, शेजारी सेंटिमीटर छापलेले असतील ते वाचा. आणि पर्समध्ये टेप ठेवा.

टेपही अंगाला लावायची गरज नाही. घरातला, धुवून झालेला आणि अंगाला छान बसणारा एक कपडा पलंगावर सपाट पसरा. शर्ट असेल तर बटणं लावून, मुंढ्याच्या खाली साधारण एक इंचावर या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. हा तयार घेर. अंगाच्या छातीपेक्षा तो अंगाबरोबरच्या शर्टात 3 ते 4 इंच जास्त असतो, सैल शर्टात 5 ते 6. बायकांच्या कुरत्याला 2 ते 3 इंच पुरतात. खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा. बाही आणि उंचीही लिहून घ्या. पँटची कंबर हुक लावून सपाट मोजून दुप्पट करा, आणि पुढचं आसन, म्हणजे पायांच्या जोडापासून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर, विसरू नका. कंबर जुळूनही पँट बसताना काचते, ती बहुधा आसन कमी असल्यामुळे. ही मापं मोबाइलमध्ये ठेवा आणि दुकानात काउंटरवर कपडा पसरून तसाच मोजा. याला सहसा कोणी हरकत घेत नाही.

सुती कपड्यात आणखी एक हिशेब असतो. आधी न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटू शकतं. 44 इंच उंचीचा कुरता म्हणजे सव्वा ते सव्वादोन इंच गेलेच. गुडघ्याखाली जेमतेम पोहोचणारा कुरता मग गुडघ्यावर येतो.

आणि कपडा उलटा करून बाजूच्या शिवणीतली माया, म्हणजे शिवणीबाहेर आत राखलेलं जादा कापड, बघा. प्रत्येक पदराला एक इंच माया असेल आणि अर्धा इंच ठेवून उसवली, तर दोन्ही बाजूंच्या चार पदरांचे मिळून घेरात दोन इंच वाढतात. तयार ब्लाउजमध्ये यावरच सगळं अवलंबून असतं. स्वस्त मालात माया पाव इंचच असते आणि कड ओव्हरलॉक करून कापलेली असते, तिथे टेलर काही करू शकत नाही. सॅटिन आणि रेशमी कापडावर जुन्या शिवणीची छिद्रं दिसत राहतात, त्यामुळे तिथे उसवण्याच्या भरवशावर लहान माप घेऊ नये.

प्रश्न : बर्डीवर एका दुकानात एका वेळी तीनच कपडे आत नेऊ दिले, पांढरा कुर्ता तर घालूच दिला नाही. गिऱ्हाइकावर विश्वासच नाही म्हणायचा?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : तीनचा नियम चोरीसाठी आहे, पांढऱ्याचा घामासाठी. आत किती कपडे गेले आणि किती परत आले हे टोकनवरून कळतं, म्हणून आकडा लहान ठेवतात. पांढऱ्या आणि फिक्या कपड्यावर गळ्याला घामाची पिवळट रेघ, सनस्क्रीन किंवा लिपस्टिक लागली की तो तुकडा विकला जात नाही. काळ्यावर पावडर आणि डिओड्रंटचे पांढरे पट्टे उठतात. नवतपात भर दुपारी दुपट्टा बांधून स्कूटरवर आलेल्या माणसाला पांढरा कुर्ता द्यायला दुकानदार कचरतो, यात आम्हाला तरी अपमान दिसत नाही.

उन्हाळ्यात सकाळी दुकान उघडताना जा, आतून बनियन किंवा स्लिप घाला, तोंड पुसून घ्या. लिपस्टिक लावलेली असेल तर पातळ ओढणी तोंडावर घेऊन मग कपडा डोक्यातून घाला. सेफ्टी पिना, अंगठ्या, बांगड्या आधी काढा, कारण जॉर्जेट आणि जाळीचा धागा त्यांच्यात अडकून ओढला जातो. अरुंद मोहरीची चुडीदार चढत नसेल तर पावलावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून पाय सरकवा, शिवण उसवत नाही.

आत गेल्यावर आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. दोन्ही हात वर करा, मग स्कूटरचं हँडल धरल्यासारखे पुढे न्या. पाठ ताणली तर खांदा लहान. स्टुलावर बसा, खाली वाका. समोरची पट्टी दोन बटणांच्या मध्ये उघडी पडत असेल तर वरचं माप मागा. मॅचिंगचा रंग मात्र ट्रायल रूममध्ये ठरवूच नका. ट्यूबलाइटखाली जुळलेले साडी आणि ब्लाउजपीस उन्हात वेगळे दिसू शकतात. दोन्ही घेऊन दुकानाच्या दाराशी उजेडात या.

प्रश्न : ट्रायलशिवाय घेतलेल्या कुरत्याची बगलेतली शिवण पहिल्याच दिवशी उसवली. बिलावर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलं आहे. आता?
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : माप चुकलं, रंग आवडला नाही, तर ही ओळ तुमच्या आड येते. बदलून देणं ही तिथे दुकानाची मर्जी, म्हणून ते आधी विचारून बिलावरच लिहून घ्यावं : किती दिवसांत, पैसे परत की दुसरा माल, टॅग लागेल का.

पण माल सदोष असेल तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला हवेत. उसवलेल्या जागेचा फोटो काढा, कुरता धुऊ किंवा टेलरकडे देऊ नका आणि दुकानाला लेखी कळवा, व्हॉट्सअॅप चालेल. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग : मालासाठी दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागत नाही, मुदत 2 वर्षं. दुकान दुसऱ्या गावचं असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. एक मात्र तपासून घ्या : कापड शिवणीपाशी फाटलं असेल आणि घेर तुमच्या मापापेक्षा लहान असेल, तर दुकानदार दोष तुमच्यावर ढकलणार.

प्रश्न : आरशामागे कॅमेरा आहे का, हे नख लावून कळतं म्हणतात.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : त्यावर विसंबू नका. आरशाला डोळे टेकवा, दोन्ही हातांनी बाजूचा उजेड अडवा आणि मोबाइलचा टॉर्च काचेला लावा. मागे पोकळी असेल तर दिसते. हुक, छताच्या फटी, धूर ओळखणारं यंत्र, विनाकारण ठेवलेला चार्जर बघा. काही सापडलं तर काढू नका, फोटो घ्या, 112 ला फोन करा आणि पोलीस येईपर्यंत कोणाला आत जाऊ देऊ नका. असं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर 1 ते 3 वर्षं कैद.

प्रश्न : ब्राची ट्रायल मिळत नाही आणि परतही घेत नाहीत. माप?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : स्तनांच्या लगेच खाली, श्वास सोडून, टेप घट्ट धरून सेंटिमीटरमध्ये मोजा. 75 आलं तर बहुतेक भारतीय कंपन्यांत 34, 80 ला 36, 85 ला 38. लेबलवर दोन्ही आकडे असतात. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकवर नीट बसायला हवी, पट्टा सैलावल्यावर आतले हुक वापरता येतात.