घरी डिलिव्हरी ठरलीय, पण खाण्याचं काय?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो, मला 37वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. इथे सगळं नॉर्मल असेल तर चेकअप मिडवाइफकडेच होतं आणि घरी की हॉस्पिटल हे आपणच ठरवायचं असतं, आम्ही घरी ठरवलंय. पलंगाखाली ठोकळे लावून पलंग उंच करून झाला, इन्शुरन्सकडून पॅड, गॉज वगैरेचा बॉक्स पण आला. पण खाण्याचं कुणी धड सांगत नाही. आईचा व्हिसा उशिरा झाला, ती ड्यू डेटनंतर दोन आठवड्यांनी पोचणार. फोनवर म्हणते कळा सुरू झाल्या की तोंडात काही घालायचं नाही, इथली मैत्रीण म्हणते भरपूर खाऊन घे. नवऱ्याला मॅगी, चहा आणि जेमतेम पोहे येतात. काय काय करून ठेवू?

उत्तर: अगं, आधी आईचं घेऊ, कारण ती चुकीचं सांगत नाहीये, तिच्या वेळचं सांगतेय. 1946 साली अमेरिकेत मेंडेलसन नावाच्या डॉक्टरांनी लिहिलं की बाळंतपणात पूर्ण भूल दिली आणि पोट भरलेलं असलं तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, तेव्हापासून जगभर बायकांना कळांमध्ये उपाशी ठेवायची पद्धत पडली. आता भूल द्यायच्या पद्धती बदलल्या, आणि ज्यांना काही धोका नाही त्यांनी हलकं खायला प्यायला हरकत नाही असं बऱ्याच ठिकाणी मानतात. तरी तुझ्या मिडवाइफला एकदा स्पष्ट विचारून घे, आणि हॉस्पिटलला हलवायचं ठरलं तर त्या क्षणापासून त्यांना विचारल्याशिवाय काही खायचं नाही.

आता खरी गोष्ट. घरच्या डिलिव्हरीत भूक दोनदा लागते आणि दोन्ही अगदी वेगळ्या. कळांमधली भूक घोटाघोटाची असते, बाळ झाल्यावरची भूक ताटभर असते. लोक तयारी पहिलीची करतात, चिप्स काय, चॉकलेट काय, आणि दुसरीच्या वेळेला घरात शिळा ब्रेड.

माझ्या धाकट्या बहिणीची डिलिव्हरी हेगला घरी झाली तेव्हा मी तिथे होते. रात्री तीनला मेहुण्यांना वाटलं आपण काहीतरी केलं पाहिजे, म्हणून गेले बिचारे आणि पोह्यांची फोडणी टाकली. छोटा फ्लॅट, खिडक्या बंद, मोहरी-हिंगाचा वास थेट बेडरूममध्ये, आणि हिला जी उलटी झाली ती पोहे घराबाहेर काढेपर्यंत थांबेना. कळा जोरात आल्या की उलटी तशीही बऱ्याच जणींना होते, त्यात फोडणी कशाला? म्हणून माझा पहिला नियम, त्या रात्री गॅसवर फक्त पाणी, दूध आणि भात. कांदा, लसूण, फोडणी, अंडं, काही नाही. नवऱ्याचं जेवण आधीच करून डब्यात, आणि ते त्याने किचनमध्ये उभं राहून गार खायचं, एक रात्र चालतं.

कळा नुकत्या सुरू झाल्यात, अजून बोलता-हसता येतंय, तेव्हा नीट जेवून घे, मुगाची पातळ खिचडी, साबुदाण्याची खीर, टोस्ट, केळं असलं. पहिलटकरणीचा हा टप्पा कधी कधी अख्खा दिवस चालतो. नंतर जेवण नकोच वाटेल, मग भाताची पेज, पातळ, मिठाची चव असलेली, कपात. खजूर बिया काढून अर्धे करून ठेव. राजगिऱ्याचा लाडू चालेल, चिक्की नको, दाताला चिकटली आणि तेवढ्यात कळ आली तर काय करशील.

पिण्याचं मात्र मनावर घे. नुसतं पाणी लिटर लिटर पीत बसायचं नाही, फार पाणी झालं तर रक्तातलं मीठ उतरतं. तहान लागेल तसे घोट घोट. लिंबाचं किंवा कोकमचं सरबत करून फ्रीजमध्ये ठेव, किंवा 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, जुलाबावर करतो तेच. खोक्यातलं नारळपाणी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेव, तो एक एक खडा चघळायला काय छान लागतो ते तेव्हाच कळेल. आणि वाकणारे स्ट्रॉ आण! पलंगावर हात टेकून ओणवी असशील, ग्लास तोंडाला लावता येत नाही, माझ्या बहिणीने नंतर सांगितलं की त्या रात्री सगळ्यात उपयोगी पडलं ते स्ट्रॉचं पाकीट.

बाळ झालं, वार पडली, बाळ छातीवर आहे, आता दुसरी भूक. ती कशी येते सांगू, पाच मिनिटं काही नसतं आणि एकदम हात थरथरायला लागतात. बहिणीसाठी मी मऊ भात कुकरमध्ये तयार ठेवला होता, त्यावर तूप, मेतकूट, लिंबू, बस. तिने एक वाटी संपवली, दुसरी संपवली, आणि मग म्हणाली टोस्ट आहे का. मिडवाइफ सोफ्यावर बसून फॉर्म भरत होती, तिला मेतकुटाच्या वासाने राहवेना, तिलाही एक वाटी दिली. तर मेतकूट आत्ताच मागवून ठेव. आणि उठून अंघोळीला जायच्या आधी गोड चहा आणि चार घास खाल्लेच पाहिजेत, रक्त गेलेलं असतं, रिकाम्या पोटी उभं राहिलं की चक्कर येते. बाळंतिणीने गार पाणी पिऊ नये वगैरे आई सांगेल ते तुझ्या मनावर, पण चहा नवऱ्याला नीट शिकवून ठेव, आल्याचा, साखर जास्त.

एक डबा दाराजवळ वेगळा ठेव. पहिलटकरणींना मधेच हॉस्पिटलला हलवायची वेळ बऱ्याचदा येते, आणि ते काही संकट नसतं, बहुतेक वेळा कळा संथ पडल्या किंवा दुखणं कमी करायचं इंजेक्शन हवं झालं म्हणून असतं. तिथे पहाटे चारला कॅन्टीन नसतं. त्यात खजूर, राजगिरा लाडू, खाकरे, ज्यूसची छोटी खोकी, आणि नवऱ्यासाठी काहीतरी भरीव.

बाळ झाल्यावरच्या आठवड्यासाठी क्रामझोर्गची बाई येईलच, ती रोज काही तास तुझं आणि बाळाचं बघते, ब्रेड-चीज, फळं कापून देणं हे करते, पण वरण-भाताची अपेक्षा ठेवू नकोस. म्हणून फ्रीझरचा एक खण रिकामा कर, वरण, मुगाची खिचडी, अर्धे भाजलेले मेथी पराठे असं एकेका जेवणाचं भरून वर चिकटपट्टीवर नाव लिही, नाहीतर नवरा वरण समजून पुरणाचं सारण गरम करेल (हे झालेलं आहे, घर सांगत नाही).

आणि ती डच बिस्किटं. गोल कुरकुरीत टोस्ट, त्यावर लोणी आणि वर गोळ्या, मुलगी झाली तर गुलाबी-पांढऱ्या, मुलगा झाला तर निळ्या-पांढऱ्या. त्या गोळ्या म्हणजे साखरेत घोळलेली बडीशेपेसारखीच एक शेप, हॉटेलात बिलासोबत येतात त्यांची बहीणच. दूध यावं म्हणून शेप, हे त्यांच्याही आज्यांना माहीत होतं. आपल्या घुगऱ्या बारशाला, त्यांचं हे पहिल्या दिवसापासून, भेटायला येईल त्याला. दोन पाकिटं आणून ठेव, आणि मिडवाइफ, क्रामझोर्गवाली या दोघींना पहिली प्लेट.

प्रश्न: मी पुण्याहून लेकीच्या बाळंतपणाला नेदरलँड्सला चालले आहे. घरचं तूप, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, घुटीचं सामान, सगळं नेता येईल का?

उत्तर: काकू, तुपाचा डबा काढून ठेवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तूप त्यातच येतं, विमानतळावर काढून टाकलेलं बघवत नाही. तिथे बिनमिठाचं लोणी 250 ग्रॅमच्या वड्यांत मिळतं, अर्धा किलो मंद आचेवर कढवलं की 400 ग्रॅमच्या आसपास तूप निघतं, आणि छान निघतं. म्हणून लाडू बांधून नेऊच नका, कोरडं सामान न्या, डिंक, सुंठ, खारीक पावडर, बाळंतशेपा, मेतकूट, आणि लाडू तिथेच करा. अळीव बाळंतपण झाल्यावरच, आपल्याकडे गरोदरपणात देत नाहीत ते तुम्हाला माहीतच आहे, लेकीच्या हाती आधी लागू देऊ नका.

घुटीचं मात्र घरीच राहू दे, रागावू नका. घुटी आपण मधातून चाटवतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, आणि तुम्ही चमचा काढलात की ती क्रामझोर्गवाली तो हातातून घेईल. मग उगीच पहिल्याच दिवशी लेकीच्या घरात ताण. सोन्याची अंगठी न्या, ती चालते.